मुलगी म्हणते बँकेचा फॉर्म भरणार नाही, ‘प्रीडॉक’ करणार. हे नेमकं काय प्रकरण आहे?

निवृत्त_कंट्रोलर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. राहणार महाल, नागपूर. मुलगी यंदा अर्थशास्त्रात एम.ए. झाली, ७४ टक्के पडले. आमच्या डोक्यात सरळ हिशेब होता. बँक पीओ, नाही तर एमपीएससी, नाहीच काही जमलं तर नेट काढून कुठल्या तरी कॉलेजात तासिका तत्त्वावर लागेल.

परवा जेवताना तिनं सांगितलं की बँकेचा फॉर्म भरणार नाही. रिसर्च फेलोशिपच्या मागे लागून राहिली आहे. एका प्रकाराला प्रीडॉक म्हणतात. दुसरी वर्ल्ड बँकेची आहे म्हणे, अमेरिकेत आठ महिने. मी विचारलं, ही नोकरी की शिक्षण? म्हणाली, दोन्ही. मी विचारलं, पेन्शन? तर हसली.

मला तिला अडवायचं नाही, समजून घ्यायचं आहे. पगार मिळतो का, बाँड असतो का, नागपूरच्या साध्या कॉलेजातल्या पोरीला हे लोक घेतात का? आणि ‘विकसनशील देशांतील उमेदवारांसाठी’ असं लिहिलेलं असतं, त्यात आपण बसतो का? पेपरात तर रोज वाचतो की आपण जगातली पाचवी की चौथी अर्थव्यवस्था झालो.

---

तर्रीबाज | रविवार, रात्री ९:३५

काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, बाकीचं जाणकार सांगतील. बसतो, आरामात बसतो. वर्ल्ड बँक देशांचे गट पाडते ते दरडोई उत्पन्नावर. त्यात आपण अजून ‘निम्न-मध्यम’ गटात आहोत. पातेलं मोठं झालं हे खरं, पण पंगत केवढी लांब आहे ते पण बघा ना.

---

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री ९:५०

भाऊ, मी सांगू का? पोट्टीले गुपचूप बँकेत बसवा. माह्या मावसभावानं असंच रिसर्च रिसर्च केलं, आता छत्तीस वर्षांचा आहे अन् अजून स्टुडंटच म्हणवून राहिला.

---

स्टाटावाली | रविवार, रात्री ११:२०

काका, मी वर्धेची. बी.ए. आणि एम.ए. नागपूरलाच केलं, नंतर तीन वर्षं संशोधन सहायक होते, आता अमेरिकेत पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचे प्रश्न वाचून माझ्या बाबांची आठवण आली. ते अजूनही नातेवाइकांना ‘ती तिकडं एका बँकेत आहे’ असं सांगतात. मी सुधारणं सोडून दिलंय. तर जरा सविस्तर लिहिते.

प्रीडॉक म्हणजे पीएचडीच्या आधीची एक-दोन वर्षांची पूर्णवेळ नोकरी. एखादा प्राध्यापक किंवा संस्था तुम्हाला संशोधनाच्या कामाला घेते. डेटा साफ करायचा, कोड लिहायचा, आकडे पुन्हा पुन्हा तपासायचे, निबंधातल्या आकृत्या काढायच्या. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, शिकागो अशा सगळ्यांकडे या जागा निघतात. तिकडच्या जागांना व्हिसाची भानगड असते, प्रत्येक ठिकाणी परदेशी उमेदवार चालतोच असं नाही, त्यामुळे जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी लागते. आपल्याकडे याच धर्तीचं काम जे-पाल साऊथ एशियासारख्या (गरिबीवर संशोधन करणाऱ्या) संस्थांत मिळतं, काही विद्यापीठांतही मिळतं. पगार मिळतो, घर चालवण्यापुरता. बाँड नाही. पेन्शनही नाही, त्यावर हसण्याबद्दल तिच्या वतीनं मी माफी मागते.

हे सगळं कशासाठी? तर पुढं पीएचडीला प्रवेश देणाऱ्या लोकांना टक्के बघून काही कळत नाही. नागपूरचे ७४ म्हणजे किती, हे बॉस्टनमध्ये बसलेल्या माणसाला कसं कळणार? त्याला एवढंच बघायचं असतं की या मुलीनं संशोधनाचं काम प्रत्यक्ष केलंय का, आणि ते करताना तिला कोणी पाहिलंय का. ते पाहणाऱ्या माणसाचं पत्र, सगळा खेळ त्यावर.

वर्ल्ड बँकेची म्हणते ती बहुधा मॅक्नामारा फेलोशिप. रॉबर्ट मॅक्नामारा १९६८ ते १९८१ वर्ल्ड बँकेचे अध्यक्ष होते (त्याआधी अमेरिकेचे संरक्षणमंत्री, व्हिएतनाम युद्धवाले तेच). त्यांच्या नावानं १९८२ साली हा कार्यक्रम सुरू झाला. आता त्याचं स्वरूप असं की विकसनशील देशांतल्या होतकरू अर्थतज्ज्ञांना आठ महिने वॉशिंग्टनला नेऊन बँकेच्या संशोधकांच्या हाताखाली काम देतात. वय पस्तिशीच्या आत, मास्टर्स झालेलं किंवा पीएचडी चालू. कागदावर तुमची मुलगी बसते. पण अर्जदारांत पीएचडीवाले भरपूर असतात, त्यामुळे आजच्या घडीला तिथं थेट उडी मारण्यापेक्षा आधी इथं दोन वर्षं माती खाल्लेली बरी. माती खरोखरच खावी लागते, ते पुढं सांगते.

याच्याशी एक नाव हमखास गोंधळून जातं: जपान सरकार आणि वर्ल्ड बँकेची संयुक्त शिष्यवृत्ती. ती मास्टर्ससाठी आहे, तिला विकासाच्या क्षेत्रातला तीन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो आणि शिकून मायदेशी परतायचं अशी अट असते. तिचा यात संबंध नाही.

आणि काका, एक गोष्ट वहीत लिहून ठेवा, कारण इथं आई-बाप घर गहाण टाकतात. अमेरिकेतलं मास्टर्स पैसे घेतं, पीएचडी पैसे देते. अर्थशास्त्राच्या बऱ्या पीएचडीत फी माफ असते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं, पाच-सहा वर्षं. खर्च होतो तो अर्जांचा. एका अर्जाला पाऊणशे ते सव्वाशे डॉलर, आणि लोक दहा-पंधरा ठिकाणी करतात. काही विद्यापीठं मागितल्यावर माफ करतात, आणि मागायला लाजू नये.

आता माती. माझं पहिलं काम ओडिशात होतं, सोळाशे घरांचं सर्वेक्षण. सकाळी सहाला सर्वेक्षक टॅबलेट घेऊन निघायचे, रात्री आलेला डेटा मी तपासायची. दहातल्या एका घरी दुसरा माणूस पाठवून तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, उत्तरं जुळतात का पाहायची. एकदा एका पठ्ठ्यानं दिवसात अकरा घरं उरकली. मुलाखत पाऊण तासाची, मध्ये दोन किलोमीटर चाल, कसं शक्य आहे? जीपीएस पाहिलं तर अकराही मुलाखती एकाच आंब्याखाली झालेल्या. त्या आंब्यानं मला जेवढं अर्थशास्त्र शिकवलं तेवढं एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

---

निवृत्त_कंट्रोलर | सोमवार, सकाळी ७:०५

ताई, फार उपकार झाले. आंब्याखालचे कंडक्टर आमच्याकडेही होते, त्यामुळे मला हे लगेच कळलं. मिसेसला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न: सोळाशे घरं म्हणजे मुलगी एकटी खेड्यापाड्यांत हिंडणार?

---

स्टाटावाली | सोमवार, सकाळी ८:४०

हिंडणार, पण एकटी नाही, टीम असते. काकूंना सांगा की मी ज्या गावात तीन महिने राहिले तिथल्या मावशींनी मला निघताना हळदीकुंकू लावून ओटी भरली. गैरसोय भरपूर होते, तेही सांगा. संडासाचा प्रश्न होता. लपवण्यात अर्थ नाही.

---

संस्कारी_सदाशिव | सोमवार, सकाळी ९:१५

मुलीचं वय काय? लग्नाचं बघताय की नाही?

तर्रीबाज | सोमवार, सकाळी ९:१७

धाग्याचं शीर्षक वाचा काका.

---

गणिताचे_काका | सोमवार, दुपारी १:३०

मी आयुष्यभर गणित शिकवलं, गेली काही वर्षं घरी बसून अर्थशास्त्राची पोरं शिकवतो. माझं म्हणणं थोडं कडू लागेल.

आपल्याकडच्या बी.ए., एम.ए. अर्थशास्त्रात जे गणित असतं त्याच्यावर बाहेरची पीएचडी उभी राहत नाही. तिथं पहिल्या वर्षाला जे येतं त्यात शब्द कमी आणि सिद्धता जास्त. रिअल अॅनालिसिस, रेषीय बीजगणित, अनेक चलांचं कलन, संभाव्यताशास्त्र. या चार गोष्टी कुठल्या तरी गुणपत्रिकेवर दिसल्या पाहिजेत, नुसतं ‘मला येतं’ म्हणून भागत नाही. माझ्याकडे आलेली एक मुलगी एम.ए.ला पहिली होती, पण ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो’ हे वाक्य उलटं केलं तर काय होतं, हे सांगायला तिला सहा आठवडे लागले. सातव्या आठवड्यात मात्र तिनं माझीच एक चूक दाखवली.

उपाय आहेत आणि स्वस्त आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या मास्तरांची व्याख्यानं फुकट आहेत. परीक्षा द्यायची तर हजार रुपये फी, आणि प्रमाणपत्र मिळतं. दुसरं, एमआयटीचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स आहे, डेटा आणि धोरण यांच्यावरचा. व्याख्यानं मोफत, परीक्षेची फी उत्पन्न पाहून ठरते. तो चांगल्या रीतीनं पार केला तर एमआयटीच्या मास्टर्सला अर्ज करता येतो. यामागे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो आहेत, २०१९ चं नोबेल मिळालेले. बॅनर्जींच्या आई मराठी, माहेरच्या पाटणकर, आणि स्वतः अर्थतज्ज्ञ. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो, उपयोग काही नाही, पण बरं वाटतं.

मी त्रिमूर्तीनगरला राहतो. रविवारी सकाळी दोन तास मोकळा असतो. फी नाही. वेळेवर यावं, एवढंच.

---

दीक्षाभूमी_रोड | सोमवार, रात्री ८:५०

बाँडचा प्रश्न निघाला म्हणून लिहितो. अर्थशास्त्राच्या फेलोशिपची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट ज्या माणसाची आहे, त्याच्या नावानं मी रोज ज्या रस्त्यानं जातो तो रस्ता ओळखला जातो.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बाँड होता: परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. १९१५ ला अर्थशास्त्रात एम.ए. झालं, १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले आणि १९१७ ला मुदत संपली म्हणून अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. पुढं बडोद्यात राहायला जागासुद्धा कोणी देईना, ते सगळ्यांना माहीत आहे. लंडनचं राहिलेलं पुरं करायला १९२० साली परत गेले, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राच्या कर्जावर. १९२३ ला डी.एस्सी. मिळाली. विषय रुपयाचा प्रश्न.

सांगायचं कारण, फेलोशिपचा पैसा मधेच संपू शकतो हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. मी स्वतः एका सरकारी फेलोशिपवर पीएचडी करतोय, नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षी नऊ महिने एक रुपया आला नाही. मेसवाल्या काकूंनी उधारीची वेगळी वही केली होती माझ्यासाठी. नवव्या महिन्यात सगळे एकदम जमा झाले तेव्हा मी आधी ती वही फाडायला गेलो, तर त्या म्हणाल्या राहू दे, पुढल्या वर्षी लागेल. लागली.

तरीही देशातला रस्ता सोडू नका. यूजीसी नेटमध्ये जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर आता महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. जेआरएफला वयाची अट ३० आहे, मुलींना त्यात पाच वर्षांची सूट, म्हणजे घाई नाही. अर्थशास्त्राचा विषय क्रमांक ०१, वर्षातून दोनदा परीक्षा. याशिवाय राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा समाजासाठी सारथी, ओबीसी-भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. आणि ज्यांना परदेशी जायचंय त्यांच्यासाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. आपण कशात बसतो ते आधी बघा. मी ‘बाहेरचं’च बघत बसलो होतो, आणि घराजवळचं कळायला दोन वर्षं गेली.

---

कापूसकोंड्या | सोमवार, रात्री १०:२५

सगळं ठीक आहे, पण मला एक सांगा. माझं आजोळ मूर्तिजापूरकडचं. तिथं जवळच कंझरा नावाचं गाव आहे, अकोला जिल्हा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं १९७५ पासून सहा गावांचा अभ्यास सुरू केला, त्यातलं हे एक. दुसरं किनखेडा, तेही अकोल्याचंच. प्रत्येक गावातली चाळीस कुटुंबं निवडली, अन्वेषक गावातच राहायचा, तीन-चार आठवड्यांनी परत त्याच घरी. किती पेरलं, किती विकलं, कोणाकडून उसने घेतले, कोण आजारी पडलं, सगळं वहीत.

त्या वह्यांवर जगभर प्रबंध झाले. आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं उत्तरं दिली आणि प्राध्यापकी दुसऱ्यांना मिळाली. आता पोरगी वॉशिंग्टनला जाणार, तिथं बसून पुन्हा आपल्याच गरिबीचं कोष्टक भरणार. कपाशीही आपली अशीच जाते ना, बोंड इथं आणि कापड भलतीकडं.

---

स्टाटावाली | मंगळवार, पहाटे ५:१०

कापूसकोंड्या, तुम्ही कंझऱ्याचं नाव काढलंत आणि मी क्लासमधून घरी येऊन आधी हा धागा उघडला. काय सांगू, पहिल्या वर्षी विकासाच्या अर्थशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी फळ्यावर त्याच सहांतल्या तीन गावांची नावं लिहिली, औरेपल्ली, शिरापूर, कंझरा. वर्गात चौदा देशांची मुलं. मी एकटी होते जिला शिरापूर सोलापूरकडं आणि कंझरा बडनेऱ्याच्या पुढं हे माहीत होतं. ‘कान्झाऽरा’ असा उच्चार चालला होता, तो मी सुधारला.

त्याच वह्यांवरचा, रॉबर्ट टाउनसेंड या अर्थतज्ज्ञाचा १९९४ चा तो अभ्यास. प्रश्न बघा किती साधा आहे: गावात एकाचं पीक बुडालं तर त्याच्या घरची चूल त्या वर्षी खरंच मंदावते, की गाव एकमेकांना धरून नेतं? विमा नाही, बँक नाही, तरी उसनवारी, देणंघेणं, मजुरी यांतून गावच आपला विमा उतरवतं का? उत्तर आलं: बऱ्याच अंशी हो. घराचा खर्च आपल्या एकट्याच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरीबरोबर जास्त हलतो. पण भूमिहीनांना ही सावली कमी मिळते.

तुमची तक्रार खोटी नाही. मला एवढंच म्हणायचंय की हा प्रश्न मूर्तिजापूरच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या कुणालाही सुचू शकला असता, आणि तो सुचल्यावर काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. काकांच्या मुलीनं अर्जात ‘मी लहानपणापासून शेतकऱ्यांचं दुःख पाहिलं आहे’ असं लिहू नये. माझ्या पहिल्या अर्जात हेच होतं, सगळीकडून नकार. दुसऱ्या वर्षी मी लिहिलं की आमच्याकडं सोयाबीन आल्यावर कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मजुरीचं काय झालं हे मला मोजायचंय, आणि अमुक डेटानं ते मोजता येईल असं वाटतं. चार ठिकाणी मुलाखतीला बोलावलं.

---

कापूसकोंड्या | मंगळवार, सकाळी १०:००

मजुरीचं काय झालं मग?

स्टाटावाली | मंगळवार, सायंकाळी ६:३०

अजून मोजतेय :)

---

दीक्षाभूमी_रोड | मंगळवार, रात्री ९:००

कापूसकोंड्या भाऊंच्या बाजूनं एक भर. मोजायला आपली माणसं बसली की काय होतं याचंही उदाहरण आहे. महाराष्ट्राचा कुठला भाग विकासात किती मागे राहिला, म्हणजे त्याचा अनुशेष किती, हे मोजायला १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९८४ ला अहवाल आला, अनुशेष ३,१८६ कोटींचा निघाला आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या वर. तोवर ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे भाषणात होतं, त्यानंतर ते कोष्टकात आलं. अनुशेष भरला की नाही यावर वेगळा धागा काढा, इथं नको, रात्र पुरणार नाही.

आणि एकेका विद्यापीठाला झेपत नसेल तर दहा जणांनी मिळून करावं. आफ्रिकेत १९८८ पासून नैरोबीला एक संघ आहे, एईआरसी (आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सोर्टियम). अनेक देशांची विद्यापीठं मिळून अर्थशास्त्राचं एम.ए. आणि पीएचडी चालवतात, संशोधनाला पैसे देतात. आपल्याकडं नागपूर, अमरावती, गडचिरोली एवढी तीन विद्यापीठं तरी एका टेबलावर बसतील का?

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, रात्री ९:०४

टेबल कोन्या विद्यापीठाचा राहील, यावरच भांडतील.

---

निवृत्त_कंट्रोलर | शुक्रवार, सायंकाळी ७:४५

दोन गोष्टी कळवतो.

एक, बर्डीजवळ एका ‘ओव्हरसीज कन्सल्टंट’कडे जाऊन आलो. एसी ऑफिस, संत्र्याचा ज्यूस दिला. फेलोशिप ‘शंभर टक्के गॅरंटी’, दीड लाख, अर्धे आता. तुम्ही मंडळींनी आधीच शहाणं केलं होतं म्हणून मी विचारलं, कुठली फेलोशिप? तर म्हणे सिस्टीम बघून सांगतो. ज्यूस पिऊन निघालो.

दुसरं, मुलगी रविवारी गणितवाल्या सरांकडे जाऊन आली. परत आली ती बोलेचना. रात्री म्हणाली, बाबा, मला काहीच येत नाही. आणि सोमवारपासून पहाटे पाचला उठून राहिली आहे.

तर्रीबाज | शुक्रवार, रात्री ८:१०

वर्ल्ड बँक असो की विद्यापीठातली प्रीडॉक, असल्या फेलोशिपच्या अर्जाला पैसे लागत नाहीत. धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी ठळक करून लिहितो: पैसे मागितले की उठा. ज्यूस प्यायला हरकत नाही.

---

निवृत्त_कंट्रोलर | साडेतीन महिन्यांनी, रविवार, सायंकाळी ५:२०

नमस्कार. मी मुलगी लिहितेय, बाबांच्या आयडीवरून. सगळा धागा आज पहिल्यांदा वाचला. पेन्शनचं बाबांनी इथं लिहिलंय हे मला माहीत नव्हतं.

सहा ठिकाणी अर्ज केले. चार ठिकाणांहून काहीच नाही, एका ठिकाणी नकार, एका ठिकाणी परीक्षा आली. परीक्षा म्हणजे डेटा टास्क: मेलवर फायली येतात, चोवीस तासांत कोडसकट उत्तर परत पाठवायचं. १९९१, २००१ आणि २०११ च्या जिल्हावार जनगणनेच्या तीन फायली आणि एक पावसाची. पहिला प्रश्न सोपा वाटला, फायली जोडा. जोडल्या तर बुलडाणा दोनदा, दोन वेगळ्या स्पेलिंगनी, गोंदियाचं तसंच. ते दुरुस्त केलं, तरी महाराष्ट्रातले पाच जिल्हे १९९१ मध्ये सापडेनात. ३० जिल्ह्यांचे ३५ झालेले.

रात्री एक वाजता बाबा पाणी प्यायला उठले, स्क्रीनकडं बघून म्हणाले, ‘गोंदिया कसा सापडेल, तेव्हा तो भंडाऱ्यातच होता. नव्व्याण्णवला वेगळा झाला. वाशिम त्याच्या आदल्या वर्षी, अकोल्यातून. गाड्यांच्या पाट्या बदलल्या होत्या आम्ही.’ मी म्हटलं, हो बाबा, ते झालं माझं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. खरं तर हिंगोली परभणीतून आणि नंदुरबार धुळ्यातून हे मी गुगल करून शोधलं होतं, त्यांना आधी विचारलं असतं तर एक तास वाचला असता. नवे जिल्हे जुन्यांत परत मिळवून १९९१ च्या हद्दींवर सगळं मोजलं आणि तसं का केलं ते चार ओळींत लिहिलं. मुंबईचे दोन जिल्हेही एकत्र केले. शेवटचा प्रश्न मला आला नाही. तिथं ‘वेळेत जमलं नाही, पण अशा रीतीनं केलं असतं’ असं लिहून पाठवलं.

काल मेल आला. मुलाखत आहे.

आता माझा प्रश्न. तीन शिफारसपत्रं लागतात. एक गणितवाले सर देणार आहेत. दुसरं माझ्या एम.ए.च्या प्रबंधाच्या मॅडम देणार. तिसऱ्यासाठी कॉलेजातल्या एका सरांकडे गेले, तर म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ शिवाय पत्र थेट त्यांच्या संस्थेच्या ईमेलवरून जायला हवं, आणि त्यांच्याकडं फक्त जीमेल आहे, तेही त्यांचा मुलगा उघडून देतो. काय करू?

---

स्टाटावाली | रविवार, रात्री ११:०५

अगं, अभिनंदन! शेवटच्या प्रश्नाला जे लिहिलंस ते बरोबर केलंस. मी आता असले टास्क तपासते, कॉपी केलेलं उत्तर तिसऱ्या ओळीत कळतं.

पत्राचं: स्वतःचं पत्र स्वतः लिहू नकोस. तू जे लिहिशील ते ‘मेहनती, नम्र आणि वक्तशीर’ असंच लिहिशील, आपण सगळे तेच लिहितो. त्याऐवजी सरांना एक पान मुद्दे दे: कुठल्या पेपरला काय केलंस, प्रबंधात कुठला आकडा चुकला होता आणि तो तू कसा पकडलास, वर्गात कुठला प्रश्न विचारला होतास. म्हणावं, यातलं तुम्हाला आठवतं तेवढंच लिहा. अर्धं पान आलं तरी चालेल, पण खरं असावं. ईमेलचं: जिथं अर्ज केलास त्यांना आधीच मेल करून कळव की आमच्याकडं प्राध्यापकांना कॉलेजचा ईमेल पत्ता नसतो. बहुतेक जण समजून घेतात, कधी कॉलेजचं लेटरहेड मागतात. लेटरहेडची सोय आधी कर, ते एका कपाटात असतं आणि किल्ली रजेवर असते.

---

निवृत्त_कंट्रोलर | सोमवार, सकाळी ७:३०

आता मी, बाप. किल्ली खरंच रजेवर आहे, गुरुवारी येणार.

माझी वेगळीच अडचण आहे. मुलाखत मंगळवारी रात्री साडेदहाला, कारण मुख्य प्राध्यापक बॉस्टनला आहेत. व्हिडिओवर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंगल कार्यालय आहे आणि मंगळवारी तिथं लग्न आहे. डीजे दहाला बंद करायचा कायदा आहे हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. मागच्या आठवड्यात पावणेबाराला बंद झाला.

---

गणिताचे_काका | सोमवार, सकाळी ८:०२

माझ्याकडे घेऊन या. मागची खोली शांत आहे, वायफाय भाड्यानं दिलेल्या वरच्या मजल्यावरच्या मुलांचं आहे पण चांगलं आहे. फक्त एक करा, नऊच्या आत या. त्यानंतर आमचं कुत्रं नवीन माणसाला आत येऊ देत नाही.